हात कुणाचा? आधी ठरवा, बातमी नंतर वाचा

इराणमध्ये एखादा शास्त्रज्ञ मारला गेला, की चहा निवायच्या आत तुमचं मत तयार हवं. उशीर केलात तर दुसरा कुणीतरी आधी बोलून जातो आणि तुमच्या वाट्याला नुसतं "मीही तेच म्हणणार होतो" एवढंच उरतं. म्हणून मारेकरी आधीच ठरवून ठेवावा. मेला कोण, कुठे, कसा, हे तपशील मागाहून सवडीने बसवता येतात.

सुरुवात "फायदा कुणाचा?" या प्रश्नाने करा. हा प्रश्न टाकला की माणूस एकदम फौजदारी वकील वाटतो, आणि उत्तराला पुरावाही लागत नाही. फायदा नेहमीच पुष्कळांचा असतो. त्यातला आपल्या नावडीचा उचलायचा. मसूद अलीमोहम्मदी हे तेहरान विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १२ जानेवारी २०१० ला घराबाहेर मोटारसायकलमध्ये ठेवलेल्या बॉम्बने गेले. सरकार म्हणालं, मोसाद, म्हणजे इस्रायलची गुप्तहेर संस्था. विरोधक म्हणाले, छे, हे तर विरोधी नेते मुसावींचे पाठीराखे, यांना सरकारनेच उडवलं. एकाच मृत्यूत दोन्ही पक्षांची सोय झाली. तुमचीही होईल.

त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला मोटारसायकलस्वारांनी दोन शास्त्रज्ञांच्या गाड्यांना चुंबकी बॉम्ब चिकटवले. माजिद शहरियारी गेले, फेरेदून अब्बासी बचावले. जानेवारी २०१२ मध्ये नतान्झच्या अणुकेंद्रातले मुस्तफा अहमदी रोशन तसल्याच बॉम्बने गेले. पद्धत तीच, बळी एकाच अणुकार्यक्रमातले. असे तपशील तर्काची मजा घालवतात, तेव्हा त्यांच्यापाशी फार रेंगाळू नये.

कबुलीजबाबांचं मात्र नीट पाहा. आपल्याला हवं ते नाव घेतलं तर तो पुरावा, नको ते घेतलं तर तो छळ. २०१२ साली इराणच्या सरकारी टीव्हीवर एका गटाने या हत्यांची सविस्तर कबुली दिली. त्यातलाच एकजण पुढे सुटला, देशाबाहेर गेला आणि २०१९ मध्ये त्याने सांगितलं की ते सगळं मारझोड करून वदवून घेतलं होतं. तो निर्दोष असल्याचं सरकारच्या प्रवक्त्यानेही मान्य केलं. तुम्ही ती कबुली तेव्हा पुढे पाठवली असेल तर काळजी नको. सात वर्षांपूर्वीचं कोण उकरून काढतंय?

पथ्य पाळायचं ते हसण्याचं. २७ नोव्हेंबर २०२० ला तेहरानजवळच्या आबसार्दपाशी अणुशास्त्रज्ञ मोहसेन फख्रीजादेंची गाडी अडवून त्यांना मारण्यात आलं. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत बंदूकधारी होते, चकमक होती, स्फोट झालेला निसान पिकअप होता. मग बंदूकधारी वजा होत गेले आणि शेवटी बंदूक तेवढी उरली: उपग्रहावरून चालवलेली मशीनगन, जागेवर माणूस एकही नाही. जग हसलं. तुम्हीही हसला असाल. पुढच्या सप्टेंबरमध्ये एका बड्या अमेरिकी वृत्तपत्राने तपशीलवार शोध घेऊन जवळजवळ तीच हकीकत छापली. खोटं बोलण्याची सवय असलेलं सरकार एखाद्या दिवशी खरंही बोलून जातं, ही आपल्या धंद्यातली मोठी अडचण आहे. शिवाय इस्रायलच्या नेतान्याहूंनी २०१८ मध्ये भर पत्रकार परिषदेत याच फख्रीजादेंचं नाव घेऊन "हे नाव लक्षात ठेवा" असं सांगितलं होतं. बडे लोक असं उघड बोलू लागले तर पडद्यामागचं ओळखणाऱ्यांनी करायचं काय?

आणि १३ जून २०२५ ला तर इस्रायलने तुमच्या पोटावरच पाय दिला. सरळ विमानं पाठवली, शास्त्रज्ञ मारले आणि आम्हीच मारले म्हणून जाहीर केलं. २०१० ला वाचलेले अब्बासीही त्यात गेले. हूं नाही की चूं नाही, हे जुनं धोरण किती बरं होतं!

आता मयत बदला, शहर तेच ठेवा. तेहरान, २२ नोव्हेंबर १९९८. सरकारचे विरोधक दारियूश फोरूहर आणि त्यांच्या पत्नी परवाने यांना राहत्या घरी भोसकून मारलं. पाठोपाठ मोख्तारी आणि पूयांदे हे लेखक घराबाहेर पडले, त्यांचे मृतदेहच सापडले. इथे "फायदा कुणाचा" हा प्रश्न चुकूनही विचारू नका. "परकीय हात" म्हणा. जानेवारीत गुप्तचर मंत्रालयानेच पत्रक काढून हे आमच्याच काही बेजबाबदार कर्मचाऱ्यांचं काम असं कबूल केलं, तरी सर्वोच्च नेत्यांनी परकीयांवरचं बोट हटवलं नाही. तुम्ही का हटवावं? मुख्य आरोपी, त्याच मंत्रालयातला अधिकारी सईद इमामी जूनमध्ये कोठडीत मेला. अधिकृत कारण: केस काढण्याचं औषध प्यायला. यावर विनोद करायला जाऊ नका, सरकारने जागाच ठेवलेली नाही.

निकालपत्रांपासून तर चार हात लांब राहा. १७ सप्टेंबर १९९२ ला बर्लिनच्या मिकोनोस रेस्टॉरंटमध्ये इराणी कुर्दांचे नेते सादेघ शराफकंदी आणि त्यांच्या तीन साथीदारांना गोळ्या घातल्या गेल्या. खटला साडेतीन वर्षं चालला. १० एप्रिल १९९७ ला कोर्टाने सांगितलं की आदेश इराणच्या अगदी वरच्या नेतृत्वाकडून आला होता. म्हणजे "यामागे कोण?" याचं शिक्क्यानिशी उत्तर आहे, आणि ते कुणाला पाठ नाही. त्यापेक्षा होमी भाभा घ्या. २४ जानेवारी १९६६, माँ ब्लाँ पर्वत, त्यावर कोसळलेलं एअर इंडियाचं विमान. फ्रेंच चौकशीत वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातली गैरसमजूत निघाली, पण सीआयए हे उत्तर आपल्याकडे शाळकरी पोरालाही येतं. शास्त्री १३ दिवस आधीच गेले होते ना, मग झालं तर!

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढं जमलं की तुम्ही तयार झालात. फक्त एका ठिकाणी जिभेला आवर घाला. २० ऑगस्ट २०१३, पुणे, ओंकारेश्वरजवळचा पूल, सकाळी फिरायला निघालेले डॉ. नरेंद्र दाभोलकर. इथे तासाभरात मत देऊ नये. "तपास यंत्रणांना त्यांचं काम करू द्या" असं शांतपणे म्हणावं. अकराव्या वर्षी, १० मे २०२४ ला, निकाल लागला. दोघांना जन्मठेप झाली आणि मुख्य सूत्रधार वेगळाच आहे, त्याच्यापर्यंत तपास पोचला नाही, असं कोर्टानेच म्हटलं. कुणी त्यावरून छेडलंच, तर प्रकरण वरच्या कोर्टात आहे असं सांगा आणि विषय पुन्हा मोसादकडे न्या. तिथे तुमचा अभ्यास दांडगा आहे.