‘छळ’ हा शब्द वापरण्याआधी

नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार. पाळीव कासवाच्या कातडीवरच्या लहानसहान जखमांबद्दल मी लेख लिहिला, जखम भरेपर्यंत कासवाला पाण्याबाहेर कोरडं ठेवा असं त्यात सांगितलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. मुद्दे चार-पाच आहेत, पण मला झोप लागू दिली नाही ती एका वाक्यानं. जसंच्या तसं देते, म्हणजे इतरांनाही कळेल: ‘पाण्यातल्या जीवाला तासन्‌तास कोरडं ठेवणं हा सरळसरळ छळ आहे आणि तुम्ही तो अभिमानाने लिहिता.’

अभिमानाने? कुठल्या ओळीत दिसला तुम्हाला अभिमान?

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. बीटाडीन पातळ करून लावा एवढंच मी लिहिलं होतं, किती पातळ ते लिहायला हवं होतं. कोऱ्या फिक्या चहासारखा रंग येईपर्यंत पाणी घालायचं. कालच दुरुस्ती केली आहे. ही चूक दाखवल्याबद्दल आभार.

आता छळाबद्दल. आमची बकुळ रेड-इअर्ड स्लायडर आहे, म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव. भाच्यानं आणली तेव्हा दोन रुपयांच्या नाण्याएवढी होती, आज तिचं कवच चोवीस सेंटिमीटर आहे. ही जात मूळची अमेरिकेतली, मिसिसिपीच्या खोऱ्यातली. पाण्यात राहते हे खरं, पण ती मासा नाही. फुप्फुसानं श्वास घेते आणि दिवसाचे कित्येक तास स्वतःहून दगडावर चढून, मागचे पाय ताणून उन्हात पडते. अंगावरचं पाणी वाळणं ही तिच्या कातडीची आणि कवचाची गरजच आहे. ज्यांच्या टाकीत चढायला कोरडी जागा नसते, त्यांच्या कासवांना बुरशी धरते आणि कवच सडायला लागतं. चोवीस तास पाण्यात ठेवणाऱ्यांना तुम्ही काय म्हणता?

आणि जखम झालेली असताना काय होतं तेही सांगते. टाकीचं पाणी कितीही बदला, त्यात विष्ठा असते, उरलेलं खाणं असतं. उघडी जखम त्या पाण्यात सतत भिजत राहिली तर कडा पांढऱ्या पडून फुगतात, आणि लावलेलं मलम दोन मिनिटांत धुऊन जातं. म्हणून कोरडं ठेवायचं. स्लायडर पाण्याबाहेर घास गिळू शकत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच त्या लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की सकाळ-संध्याकाळ तासभर वेगळ्या टबात स्वच्छ कोमट पाण्यात सोडायचं, तिथंच खाऊ घालायचं, मग टिपून औषध लावायचं. तो परिच्छेद तुम्ही वाचला नाहीत. वाचला असतात तर ‘तासन्‌तास’ हा शब्द तरी जपून वापरला असतात.

हे मी कुठून शिकले तेही ऐका. ऑगस्ट २०१९. आम्ही सांगलीचे. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. बकुळला बादलीत घालून जिन्यानं वर नेताना तिचा मागचा पाय पत्र्याच्या कडेला लागला. मांडीपाशी जिथं कातडीची घडी पडते, तिथं बोटाच्या पेराएवढी चीर. लाल, आणि कडेला मातकट गाळ. वीज नाही, दुकानं पाण्यात, डॉक्टर गाठायचा तर रस्ताच नाही. उकळून गार केलेल्या पाण्यानं ती चीर मी धुतली, आईच्या जुन्या सुती नऊवारीचा तुकडा फाडून टिपली, बीटाडीन लावलं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्या शेजारी ठेवली, कारण अंग गार पडलं की कासवाची जखम लवकर भरत नाही. प्यायच्या पाण्यातलं दोन तांबे पाणी रोज तिच्यासाठी काढून ठेवत होते. त्या दिवसांत सांगलीत दोन तांबे चांगलं पाणी म्हणजे काय होतं, हे तुम्हाला कळणार नाही.

पूर ओसरल्यावर पुण्याला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाय उलटसुलट करून पाहिला, सिल्व्हर सल्फाडायझिनचं जंतुनाशक मलम दिलं आणि कोरडं ठेवणं चालू ठेवायला सांगितलं. जखम पूर्ण भरायला दोन महिने लागले. त्या जागी आज फिकट गुळगुळीत रेघ आहे, मी रोज बघते. घरात कोरडे बसून दोन ओळी टाकणाऱ्यानं मला छळ शिकवू नये.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांबद्दल थोडक्यात. ‘कवच नखासारखं मेलेलं, त्याला काय दुखणार’ हे चूक आहे. वरच्या खवल्यांखाली जिवंत हाड आहे, त्यात नसा आहेत, बरगड्या आणि कणा त्याला जोडलेले आहेत. बकुळच्या पाठीवरून मऊ ब्रश फिरवला तरी ती कंबर हलवते. ‘डॉक्टर नसताना औषधं लिहिता’ म्हणता, तर मी पोटात द्यायचं किंवा टोचायचं एकही औषध लिहिलेलं नाही. उलट कुत्र्याच्या गोचिडांवरचं आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर बेततं, त्याला हात लावू नका, असं ठळक अक्षरात लिहिलंय. कवच मऊ लागलं, वास आला किंवा जखम खोल असली तर त्याच दिवशी डॉक्टर, हेही लिहिलंय. जखमेला हळद-खोबरेल लावण्याबद्दल परत लिहिणार नाही. तेलानं जखमेवर घाण चिकटून बसते, एवढं पुरे. आणि ‘मुळात पाळायचंच कशाला’ हा वेगळा विषय आहे. तिला कृष्णेत सोडून द्यायची तर नाही ना? ही परदेशी जात इथल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावते. ती माझ्याकडेच राहणार.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मतभेद चालतील, रोज चालतील. पण ‘अभिमानाने’ हा शब्द तुम्ही मागे घ्यावा, असं मला वाटतं.