मी काहीच दाबलं नव्हतं

सोसायटीचं सेक्रेटरीपद कुणी मागून घेत नाही. सभेला दहा मिनिटं उशिरा पोचलं की ते मिळतं. मला तसंच मिळालं. त्यात वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडायची, आणि ती टाइप करायची कशावर, तर लेकीनं नवा घेतल्यावर माझ्या गळ्यात मारलेल्या जुन्या लॅपटॉपवर.

नोटिशीच्या चौथ्या विषयावर, म्हणजे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर आलो असताना चहाबरोबरच्या शंकरपाळ्याचा चुरा कीबोर्डवर सांडला. तो मी फडक्यानं पुसला. मान वर करून बघतो तर ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ हे वाक्य स्क्रीनच्या तळाशी शीर्षासन करत होतं. माउस डावीकडे नेला की बाण उजवीकडे पळे. शेवटी मीच लॅपटॉप टेबलावर तंबूसारखा उभा केला. अक्षरं सुलटी झाली, पण कीबोर्ड मागच्या बाजूला गेला. पेटीवादक भाता मारतो तसा हात पलीकडे घालून मी एक ओळ टाइपही केली. ही स्वयंपाकघरातून डोकावली, बघितलं आणि काही न बोलता आत गेली. तिचं ते न बोलणं मला जास्त लागतं.

लेकीला फोन लावला.

“बाबा, काय दाबलंस?”

“मी काहीच दाबलं नाही.”

“कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण एकदम दाबला गेला असणार. आता कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाब.”

“वरचा म्हणजे कुठला? मी सगळंच उलटं धरलंय.”

ही सोय विंडोजचीसुद्धा नाही म्हणे, इंटेलच्या ग्राफिक्सच्या जुन्या ड्रायव्हरमधली, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधली आहे. कुणी मॉनिटर उभा लावतं, कुणी प्रोजेक्टर छताला उलटा टांगतं, त्यांच्यासाठी. आमच्या घरी छताला पंख्याखेरीज काही टांगलेलं नाही, पण सोय आपली हजर.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे. कॉम्प्युटरमधल्या छुप्या सोयी शोधायला जाऊ नये. त्याच आपल्याला शोधत येतात, आणि येताना वेळ बघून येतात.

गच्चीच्या कंत्राटदारांची कोटेशनं ठेवायला एक फोल्डर केला. कॉन्ट्रॅक्टरमधली पहिली तीन इंग्रजी अक्षरं, सी, ओ, एन, एवढंच नाव दिलं. विंडोजनं नाकारलं. दुसऱ्या ड्राइव्हवर केला, तिथंही नाही. मग आठवलं, सायबर कॅफेच्या दिवसांत एक ईमेल गावभर फिरत होती: या नावाचा फोल्डर जगात कुणालाही करता येत नाही आणि याचं कारण बिल गेट्सलाही ठाऊक नाही! मी स्वतः ती ईमेल बारा जणांना पुढे ढकलली होती. कारण अगदी साधं आहे. १९८१ साली डॉस, म्हणजे विंडोजचा पूर्वज, आलं तेव्हा त्यात फोल्डर ही भानगडच नव्हती. कॉन म्हणजे कन्सोल, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा. पीआरएन म्हणजे प्रिंटर. ही नावं यंत्रांसाठी राखून ठेवली, ती आजतागायत राखीव आहेत. आमच्या पार्किंगमध्ये एका गृहस्थांनी स्कूटर विकून वीस वर्षं झाली, पण खडूनं आखलेली जागा कुणाला देत नाहीत, त्यातलाच प्रकार. मी मराठीत ‘ठेकेदार’ असं नाव दिलं. चाललं.

मग लॅपटॉप मंदावला. ‘अ’ दाबून आपण पाणी पिऊन यावं, तेव्हा कुठे तो उमटावा. पुन्हा फोन. लेक म्हणाली, कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड, त्यात परफॉर्मन्सवर जा, अपटाइम किती दिसतो?

“एक्केचाळीस दिवस.”

“बाबा, तू हा बंदच करत नाहीस?”

माझ्या शिस्तीवर कुणी असा संशय घेतला नव्हता. मी रोज रात्री न चुकता शट डाऊन करतो, झाकण लावतो, वर हिनं विणलेला रुमाल टाकतो. तर ते शट डाऊन खोटं निघालं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. आपली खिडकीदारं बंद होतात, पण आतला गाभा निजत नाही. आहे त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू, म्हणजे चालू व्हायला वेळ लागू नये. खरी आंघोळ फक्त रीस्टार्टनं होते, नाहीतर शिफ्ट दाबून धरून शट डाऊन केलं तर. सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही हे माहीत होतं. झोपवताही येत नाही हे नवीन कळलं. त्या दिवसापासून मी रीस्टार्टचा भक्त झालो. पुढे तेच नडलं.

शिफ्टचं आणखी एक. सातवा विषय काय असावा याचा विचार करत मी बोटानं शिफ्टवर ताल धरला होता. पाचव्या ठोक्याला लॅपटॉप किंचाळला आणि स्टिकी कीज हव्यात का, असं विचारणारी चौकट आली. मी ती घालवायला धावलो, तर शेजारी बसलेले तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “थांबा, काय म्हणतंय ते वाचा तरी.”

दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यानं काकांचा डावा हात गेला. त्याआधी सोसायटीची सगळी पत्रं तेच टाइप करत. ही सोय चालू केली की दोन बटणं एकदम धरावी लागत नाहीत; एक दाबायचं, सोडायचं, मग दुसरं. काकांनी उजव्या तर्जनीनं शिफ्ट दाबली, बोट उचललं, मग अक्षर दाबलं. कॅपिटल उमटलं. त्यांनी स्वतःचं आडनाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकामागून एक दाबून बघितलं. ही तीन बटणं आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरनं मुद्दाम लांब लांब निवडली होती, एका हाताचा चुकून धक्का लागून मशीन रीस्टार्ट होऊ नये म्हणून. शंकरपाळ्यांचा विचार केलेला तो बहुधा एकटाच माणूस. काकांनी एका हातानं त्याच्यावर मात केली आणि उरलेली नोटीस त्यांनीच टाइप केली. विषयही त्यांनीच सुचवला: काटकसर.

एवढं शिकल्यावर सभेत थोडं मिरवावं असं वाटलं, यात माझी काय चूक?

लेकीनं मला क्लिपबोर्ड हिस्टरी सुरू करून दिली होती. खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि व्ही एकत्र दाबलं की शेवटचे कॉपी केलेले २५ मजकूर समोर येतात. रीस्टार्ट केलं की ते पुसले जातात. फक्त ज्याला पिन टोचली तो राहतो. प्रत्येक ठरावाखाली ‘सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर’ ही ओळ लागतेच. सभेच्या आदल्या रात्री तिला पिन टोचली, सकाळी भक्तिभावानं रीस्टार्ट केलं आणि लॅपटॉप सोसायटी ऑफिसातल्या टीव्हीला जोडला.

“आता बघा,” मी म्हणालो, “ही ओळ पुन्हा पुन्हा टाइप करायला नको.” आणि दोन्ही बटणं दाबली.

यादीत एकच मजकूर होता, पिनेसकट. ओळ माझीच होती, पण ती नव्हती. आदल्या रात्री खजिनदारांना धाडलेली, आणि आवडली म्हणून आणखी दोघांना पाठवायला कॉपी केलेली: ‘अध्यक्ष बोलायला उठले की घड्याळ बघू नका, कॅलेंडर बघा.’

पिन शेजारच्या ओळीला लागली होती. एवढे शॉर्टकट पाठ केलेले, पण पळून जाण्यासाठीच ठेवलेलं वरच्या कोपऱ्यातलं एस्केप तेवढं आठवलं नाही. त्रेचाळीस इंची टीव्हीवर ते वाक्य तसंच लखलखत राहिलं.

अध्यक्षांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. वाचलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा पाहिलं. मग घसा साफ करून बोलायला उठले.

मागच्या रांगेतून काकांचा आवाज आला, “सूचक सेक्रेटरी, अनुमोदक मी. लिहून घ्या.”