समुपदेशकाकडची गोष्ट दाखल्यावर जात नाही

कोपरखैरणे-घणसोलीच्या पालक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मुलांना समुपदेशकाकडे पाठवू नका, सगळं शाळेच्या दाखल्यावर चढतं.’ हे खरं नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर समुपदेशनाचा रकानाच नसतो. (पुढं पाठवण्याआधी घरातला एखादा दाखला काढून बघा की!)

मी याच भागात समुपदेशन करते. परवा एक नववीतली मुलगी बसायच्याही आधी माझ्या वहीकडं बघत म्हणाली, “मॅडम, हे कोण वाचणार?” वही माझ्याच कपाटात कुलपात असते, मुख्याध्यापकांकडं जात नाही, हे तिला सांगितलं आणि लगेच अपवादही सांगितले. ते आधीच सांगणं हे आमचं कामच. ‘काहीच कुणाला सांगणार नाही’ असं वचन देणारा समुपदेशक चुकतोय.

जिवाला धोका दिसला तर घरच्यांना सांगावंच लागतं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परीक्षेची भीती, मैत्रिणीशी भांडण, घरातली कुरबुर यातलं काही त्यात बसत नाही.