नेम सोडून सगळं

रात्री साडेदहाला फोन आला. "तुम्ही बंदूक क्लबातले ना? लवकर या, उसात वाघ शिरलाय."

आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, त्यामुळे मी मनातल्या मनात पट्टे वजा केले. तरी पाय लटपटायचे ते लटपटलेच. मी त्या गृहस्थांना समजावू लागलो, की अहो, क्लबातली रायफल हवेच्या दाबावर चालते. तिचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, वजनाला जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि तो १० मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला असतो. बिबट्याला लागला तर त्याला फक्त आपला राग येईल.

पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "बंदूक राहू द्या हो. तुमचा भोंगा आणि ती मोठी बॅटरी घेऊन या. आणि जमलं तर चार खुर्च्या."

मी क्लबात गेलो तो एका जागी स्थिर उभं राहायला शिकावं म्हणून. दिवसभर खुर्चीत बसून मान आखडली होती, चित्त कशावर दोन मिनिटं टिकत नव्हतं. नेमबाजीने एकाग्रता वाढते असं कुणीतरी सांगितलं. "एकाग्रतेसाठी बंदूक कशाला? घरात मटार सोलायचे पडलेत," असं बायको म्हणाली होती. तेव्हाच ऐकलं असतं तर त्या रात्री मी उसाच्या बांधावर खुर्च्या मांडत उभा नसतो.

वन खात्याच्या १९२६ या नंबरवर कुणीतरी आधीच फोन लावला होता. वनरक्षक आले तेव्हा निम्मं गाव बांधावर जमलेलं होतं आणि वाघापेक्षा गर्दीच आवरणं अवघड होतं. "तुमचा भोंगा आहे ना, मग तुम्हीच सांगा लोकांना मागे व्हायला," ते मला म्हणाले. मी तोंडाला भोंगा लावला. पण क्लबाच्या रेंजवर, म्हणजे नेम धरायच्या जागेवर, सहा महिने एकच हुकूम कानावर पडलेला, तोच तोंडातून निघाला: "रेंज मोकळी करा!"

'मोकळी' एवढंच लोकांच्या कानात शिरलं. रान मोकळं झालं, वाघ गेला, असा त्याचा अर्थ लावून सगळी गर्दी चार पावलं पुढे सरकली.

बिबट्या केव्हाच पसार झाला होता. ओल्या मातीत पंजाचे ठसे मात्र होते, स्पष्ट, माझ्या तळहाताएवढे. मी मोजायला हात जवळ नेला आणि लगेच मागे घेतला. वनरक्षकांनी रात्री एकटं फिरू नका, पोरांना बाहेर झोपवू नका, गोठ्याची दारं नीट लावा असं सांगितलं. पुन्हा भोंग्यावरून तेच सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी भोंगा माझ्या हातातून काढून घेतला. परत जाताना चारांपैकी तीनच खुर्च्या सापडल्या.

आमच्या क्लबाच्या पाटीवर 'शिकार व नेमबाजी क्लब' असं लिहिलेलं आहे. शिकार या शब्दावर कधीतरी चुना फासला होता, पण प्रत्येक पावसाळ्यात तो थोडा थोडा धुऊन जातो आणि दिवाळीपर्यंत शिकार पुन्हा दिसायला लागते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पाटीचा पहिला अर्धा भाग निकालात निघाला. हे अजून पुष्कळांच्या पचनी पडलेलं नाही. रानडुकरांनी मका लोळवला की शेतकरी तावातावाने क्लबात येतात. वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय डुकराला हात लावता येत नाही, असं सेक्रेटरी सांगतात. "मग तुमचा क्लब कशाला आहे?" हा प्रश्न ठरलेला. सेक्रेटरी त्यांना नुकसानभरपाईचा अर्ज भरून देतात. वर्षभरात क्लबात जेवढे छर्रे उडतात त्यापेक्षा जास्त हे अर्ज टेबलावर भरले जातात.

जुन्या वैभवाची खूण म्हणून हॉलमध्ये एका सांबराचं मुंडकं टांगलेलं आहे. कसरीने कान खाल्लेत. एक काचेचा डोळा कधीतरी पडून हरवला, तिथे कुणीतरी निळी गोटी बसवली आहे. त्यामुळे ते सांबर एका डोळ्याने दुःखी आणि दुसऱ्याने मिश्कील दिसतं. पण त्याचं वन खात्याचं मालकी प्रमाणपत्र व्यवस्थित फायलीत लावलेलं आहे. सगळी कागदपत्रं पूर्ण असलेला क्लबातला तो एकमेव सभासद. माझा फोटो अजून द्यायचा राहिलाय.

आता मूळ अग्निपरीक्षेकडे, म्हणजे नेमबाजीकडे. बघणाऱ्याला वाटतं, बंदूक धरायची, एक डोळा मिटायचा, चाप ओढायचा. पहिल्याच दिवशी कळलं की माझा मिटायचा डोळाच चुकीचा आहे. दोन्ही हातांची त्रिकोणी खिडकी करून त्यातून दूरचा खिळा बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा, खिळा ज्या डोळ्याने दिसत राहील तो आपला मुख्य डोळा. माझा डावा निघाला. हात उजवा, डोळा डावा. "युती सरकार आहे," क्लबातले ज्येष्ठ सभासद तात्या म्हणाले आणि माझ्या डाव्या डोळ्यापुढे कॅलेंडरच्या कागदाचा तुकडा चिकटवून दिला. त्यावर एकादशी आली होती.

मग तो कोट. जाड कॅनव्हासचा, वाकायचं नाव न घेणारा. तो घातला की माणूस आपोआप ताठ उभा राहतो आणि बसायला सांगितलं तर आडवा पडतो. त्याखाली तसलीच विजार आणि सपाट तळव्यांचे बूट. क्लबात असा पोशाख एकच, तोही कुणीतरी दिलेला जुना, आणि सभासद बावीस. त्यामुळे कोटाला प्रत्येकाचा थोडाथोडा वास आहे. माझ्या आधी पोलीसपाटील घालतात. त्यांचा देह माझ्या दीडपट, म्हणून मी आत शिरलो की कोट एकीकडे नेम धरतो आणि मी दुसरीकडे.

रायफल साडेपाच किलोच्या आतली असावी असा स्पर्धेचा नियम. साडेपाच किलो म्हणजे काय मोठंसं, गव्हाची पिशवी आपण याहून जड आणतो, असं मला वाटलं होतं. गव्हाची पिशवी मात्र डोळ्यासमोर धरून श्वास रोखून उभं राहावं लागत नाही. दहा मीटरवर जो 'दहा', म्हणजे पुरे दहा गुण देणारा मध्य, असतो तो एक ठिपका, व्यास अर्धा मिलिमीटर. छर्रा त्याच्या नऊपट जाड. इथून तो ठिपका दिसतच नाही, दिसतो तो काळा गोल आणि त्यात तो ठिपका आहे असं मानायचं. माझी श्रद्धा पहिल्यापासून जरा कमी पडते.

"काका, श्वास अर्धा सोडा आणि थांबा," शेजारची मुलगी सांगते. ही नववीत आहे. हिचं ऐकून श्वास अर्धा सोडला की माझ्या छातीतलं इंजिन ऐकू यायला लागतं. कसलेले नेमबाज म्हणे दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत चाप ओढतात. माझ्या ठोक्यांमध्ये फट नसते, एसटीच्या रांगेसारखे एकमेकांना ढकलत येतात.

ही मुलगी आणि तिच्याबरोबरची पाचसहा पोरं आली ती २०२४ नंतर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं. तो रेल्वेत तिकीट तपासायचा हे कळल्यावर आमच्या गावातल्या अनेक पालकांना रेल्वेची नोकरी आणि नेमबाजी यांत काहीतरी संबंध दिसू लागला. त्याआधी २००८ ला अभिनव बिंद्राने बीजिंगला १० मीटर एअर रायफलचं सोनं आणलं होतं तेव्हाही कौतुक झालं होतंच, पण बिंद्राच्या घरी स्वतःची रेंज होती, ते आपल्यासाठी नाही असं धरून लोक गप्प बसले. कांबळवाडी म्हटल्यावर गणित बदललं. चालू रायफली दोन आणि पोरं सात, त्यामुळे माझी पाळी आली की मागे सात चेहरे घड्याळाकडे बघत असतात. एकाग्रता वाढायला ही परिस्थिती पोषक म्हणता येणार नाही.

तात्यांना हा त्रास नाही. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि स्वतःला अजून उमेदवार खेळाडू समजतात. त्यांचा आधार ऑस्कर स्वान नावाचा स्वीडिश माणूस. त्याने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये पळत्या हरणाच्या आकृतीवर गोळ्या झाडून सांघिक रौप्यपदक घेतलं तेव्हा त्याचं वय होतं बहात्तर. त्याच्याहून म्हातारा पदकविजेता ऑलिंपिकच्या खेळांत अजून झालेला नाही. "म्हणजे विक्रम मोडायला मी आता पात्र झालो," तात्या म्हणतात. त्यांच्या वडिलांची परवान्याची दुनळी त्यांच्या नावावर आहे. निवडणूक लागली की ती जुन्या धोतरात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर आणायची. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद असं करता करता त्या बंदुकीने जंगलापेक्षा ठाणंच जास्त पाहिलं आहे.

बाकी क्लब म्हणजे ऐंशी खुर्च्या, एक भोंगा, एक बॅटरी, दोन सतरंज्या आणि एक हॉल. गावात मयत झाली तर खुर्च्या क्लबातून. रक्तदान हॉलमध्ये, लसीकरण हॉलमध्ये. विहिरीत शेळी पडली तर दोर आमचा, कारण निशाण मागे-पुढे सरकवायचा दोर लांब आणि मजबूत असतो. शेळी निघाली, दोर ताणला गेला, आणि तेव्हापासून तीन नंबरची लेन सव्वादहा मीटरची आहे. माझी लेन तीच. माझे आकडे कमी येण्याचं हेही एक कारण मी कमिटीला लेखी दिलं आहे.

मार्चमध्ये तालुक्याच्या स्पर्धेला क्लबाने मला पाठवलं. पाठवलं म्हणजे खुर्च्या टेम्पोतून तिकडे न्यायच्या होत्या आणि टेम्पोबरोबर माणूस हवा होता. गेलोच आहे तर नाव घालू असं ठरलं. एका कार्डावर दहा छर्रे. पहिले नऊ कसेबसे गेले. दहाव्याला मी श्वास अर्धा सोडला, ठोका टाळला, एकादशीच्या आडून काळा गोल बरोबर मधोमध घेतला आणि अतिशय सुंदर चाप ओढला. इतका सुंदर की मागून कुणीतरी "वा" म्हणालं. माझ्या कार्डावर नऊ भोकं आणि शेजाऱ्याच्या कार्डावर अकरा.

पंचांनी भिंग लावून अकरा भोकं बराच वेळ तपासली. शेजारी चांगला खेळाडू, त्याची दहा भोकं रुपयाएवढ्या जागेत होती. अकरावं कार्डाच्या अगदी कडेला, जवळजवळ जाता जाता लागलेलं. ते माझं, यावर पंचांचं आणि प्रेक्षकांचं तात्काळ एकमत झालं. तिथल्या निर्णयप्रक्रियेत सगळ्यात वेगाने झालेला निर्णय हाच.

परतीच्या टेम्पोत त्या नववीतल्या मुलीने मोबाइलवर शोधून मला धीर दिला. अमेरिकेचा मॅट एमन्स २००४ साली अथेन्सला ५० मीटरच्या अंतिम फेरीत सगळ्यांच्या पुढे होता. शेवटची गोळी त्याने शेजारच्याच्या निशाणावर मारली. शून्य गुण, सोन्यावरून थेट आठव्या नंबरला. "आणि काका, त्याची समजूत काढायला एक चेक नेमबाज आली होती, पुढे त्यांचं लग्न झालं." मी सीटवरच्या खुर्च्या सावरत गप्प राहिलो. माझं लग्न आधीच झालेलं आहे आणि घरी समजूत काढली जाईल असं वातावरण नव्हतं. मटार अजून सोलायचे होते.

पण माझी किंमत गावाला कळली ती अगदी वेगळ्या वाटेने. निशाणाच्या मागे एक मोठा पुठ्ठा लावलेला असतो, कार्ड चुकलेले छर्रे त्यावर नोंदले जातात. दर महिन्याला तो बदलतात. तात्यांच्या पाच नंबरच्या पुठ्ठ्याला मधे एकच भोक पडतं, मुठीएवढं. तो पुठ्ठा फेकून द्यायचा. माझा पुठ्ठा सेक्रेटरींच्या घरी पाणी तापवायला गेला आणि तिथे वहिनींनी तो उजेडासमोर धरला.

"अगंबाई, हा तर ठिपक्यांचा कागद!"

ठिपक्यांच्या रांगोळीसाठी बाजारात भोकं पाडलेला कागद मिळतो, त्यावर रांगोळी फिरवली की खाली ठिपके उमटतात. माझ्या पुठ्ठ्यावर भोकं सगळीकडे सारखी पसरलेली, कुठे दाटी नाही, कुठे ओसाड नाही. वहिनींनी दारात काढलेली रांगोळी बघायला आळीतल्या बायका आल्या. आता तीन नंबरच्या पुठ्ठ्याला नंबर लागतात. दोन महिन्यांचं आगाऊ बुकिंग आहे. कमिटीच्या बैठकीत माझं अभिनंदन झालं, ठरावाला अनुमोदन तात्यांनी दिलं, आणि देताना ते जरा जास्त वेळ खोकले.

परवा वहिनी रेंजवरच आल्या. "भाऊजी, मागचा पुठ्ठा छान होता, फक्त खाली डाव्या कोपऱ्यात ठिपके कमी पडलेत हो. आमच्या नणंदेचं डोहाळजेवण आहे, मोठं कमळ काढायचंय. तेवढे पाचसहा घालून द्या."

मी कोट चढवला. एकादशी नीट चिकटवली. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला नक्की कुठे मारायचं आहे ते माहीत होतं. मागे सात पोरं घड्याळाकडे न बघता गप्प उभी होती, सांबरसुद्धा गोटीने बघत होतं. खाली डावा कोपरा डोळ्यात घेतला, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला.

मुलगी पळत जाऊन कार्ड घेऊन आली. "काका! दहा!"

वहिनींनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "असू दे," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा लक्ष देऊन मारा."