पोटावर की पोटाखाली

"काका, पँट पोटावर घालता की पोटाखाली?"

हा प्रश्न मला परवा ठाण्यात गोखले रोडवरच्या एका कपड्यांच्या दुकानात, शनिवारच्या ऐन गर्दीत विचारण्यात आला. विचारणारा पोरगा विशीतला, गळ्यात टेप, एका कानात गाणं. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला बिचाऱ्याला माप हवं होतं. राग आहे तो उत्तर देणाऱ्यावर. कारण उत्तर मी दिलंच नाही.

"खालीच घालतात. दिसतंय की," शेजारून आवाज आला.

आम्ही अंदमानला चाललोय. टूरवाल्यांनी पाठवलेल्या यादीत लिहिलंय की समुद्रात उतरायला नायलॉनची हाफ पँट आणावी, जीन्स चालणार नाही. म्हणून ही खरेदी, बाकी काही नाही.

आवाज सत्तरीच्या एका गृहस्थांचा होता. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यातून शेपूची जुडी बाहेर आलेली, हातात बनियनचं खोकं. नव्वद नंबरचं बनियन बदलून पंच्याण्णवचं घ्यायला आले होते. म्हणजे पोट या विषयावर त्यांनीही जरा बेतानंच बोलायला हरकत नव्हती.

"कुठे, गोव्याला का?"

"अंदमानला," बायको म्हणाली. मी डोळ्यांनी खूण करेपर्यंत सांगून मोकळी. बनियनचं खोकं काउंटरवर गेलं, स्टूल ओढलं गेलं, शेपू जमिनीवर टेकला. मला तिथेच कळायला हवं होतं म्हणा, पण माझ्या कमरेला तेव्हा टेप गुंडाळलेली होती.

"वा! हॅवलॉकला किती रात्री?"

"हॅवलॉकला दोन."

"स्वराज द्वीप म्हणायचं आता. २०१८ ला नाव बदललं. आणि पोर्ट ब्लेअरला?"

"पोर्ट ब्लेअरला तीन."

"श्रीविजयपुरम. २०२४."

दोन्ही वेळा जुनं नाव आधी काढलं ह्यांनी, आणि दुरुस्ती माझी.

तेवढ्यात पोरग्याने माल आणला. एक नारिंगी, तिच्यावर तळहाताएवढ्या जास्वंदी. दुसरी निळी, तिच्यावर अननस. साधी, एकरंगी, सरकारी नोकरीतून निवृत्त होत आलेल्या माणसाला शोभेल अशी पँट ह्या मापात येत नाही म्हणे. बारीक माणसांना करडा रंग मिळतो, आम्हाला फळंफुलं. "ट्रायल रूम बिझी आहे काका, वरूनच लावून बघा." मग मी आरशासमोर, म्हणजे काचेच्या दर्शनी भिंतीलाही समोर, इस्त्रीच्या पँटवर जास्वंदी धरून उभा राहिलो. बाहेर गोखले रोड तुंबलेला. रिक्षांतली माणसं काय करणार, बघत होती.

"सेल्युलर जेल आहे ना यादीत?" गृहस्थ म्हणाले. "नीट बघा. १९०६ ला बांधून झालं. सात पाखे होते, आता तीनच उरलेत. जरा वर घ्या. पँट, पँट वर घ्या. कैद्यांना कोलूला जुंपायचे. बैलांच्या जागी माणसं! दिवसाला तीस पौंड खोबरेल निघालंच पाहिजे, नाहीतर फटके. हां, आता मागून बघू."

आणि मी वळलो! का वळलो, देव जाणे. कोलूबद्दल ऐकताना माणसाचा चेहरा आपोआप गंभीर होतो. माझाही झाला होता. पण मांडीवर जास्वंद असली की त्या गांभीर्याला काही किंमत राहत नाही.

"अर्थात ठाणेकरांना जेलचं काय कौतुक!" असं म्हणून ते स्वतःच हसले आणि त्यांचा फोन वाजला. तेवढ्या वेळात मला जे बोलायचं होतं ते मनात बोलून घेतलं. अहो, ठाणेकरांनाच कौतुक पाहिजे. आपलं हे जेल मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला काढलेला, १७३७ ला मराठ्यांनी घेतलेला. इंग्रजांनी इथे कोंडलेले पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ ला इथूनच निसटले. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला फाशी दिली तीही इथेच. वधाचं पिस्तूल लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्यांपैकी, आणि त्या प्रकरणाच्या शिक्षेनेच ते १९११ ला अंदमानात पोचले. म्हणजे जी गोष्ट बघायला मी दोन विमानं बदलून जाणार, तिचा आधीचा अर्धा भाग माझ्या रिक्षाच्या रोजच्या रस्त्यावर आहे. त्या भिंतीवरून जाताना मी काय बघतो? मीटर. आणि बेटाचंच म्हणाल तर आपण राहतो तेही साष्टी बेटच. खाडीत रोहित पक्षी येतात, अभयारण्यसुद्धा आहे. फक्त इथे हाफ पँटची यादी कोणी पाठवत नाही.

हे सगळं बोलायचं राहिलं, कारण फोन संपला.

"पाण्यात उतरण्याआधी बोर्ड वाचा बरं. खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात तिथे. म्हणून नारिंगी नको."

"का?"

"लांबून दिसते."

"कोणाला?"

"मगरीला."

पोरग्याने ताबडतोब अननस पुढे केला. बायको एव्हाना भाजीच्या हिशेबाच्या चिठ्ठीमागे मुद्दे टिपत होती. शिंपले उचलायचे नाहीत, विमानतळावर काढून घेतात. समुद्रगाय म्हणजे डुगाँग, तिथला राज्यप्राणी, दिसल्यास बघणे. (न दिसल्यास काय करायचं ते लिहिलं नव्हतं.) माझ्याशी लग्न झाल्यापासून मी सांगितलेलं काही तिने लिहून घेतल्याचं मला आठवत नाही.

"आणि बाराटांग?"

"ते नाही घेतलेलं," मी म्हणालो. मुद्दाम घेतलेलं नाही. चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे, सगळं मान्य. पण रस्ता जारवांच्या, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या, राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा करून सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. तो रस्ता बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ ला सांगून झालंय, तरी ताफे चालूच. कुणाच्या अंगणातून काचा लावून जायचं आणि माणसं दिसतात का म्हणून माना वळवायच्या, हे मला पटत नाही. शिवाय त्यासाठी पहाटे तीनला निघावं लागतं, तेही पटत नाही. दोन्ही कारणं खरी आहेत.

"बाराटांग नाही म्हणजे अंदमान नाहीच," गृहस्थांनी निकाल दिला. "आणि वाटेत ते लोक दिसले तर नशीबच तुमचं!"

हे 'नशीब' मला फार लागलं. वाघ दिसला तर म्हणतात तसं. मी पँट खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात?"

"मी? छे. बोट लागते मला. मुलगी-जावई जाऊन आले. फोटो बघितलेत सगळे, दोनदा."

मला वाटलं, संपलं. आता दुकानात हशा पिकेल, बायको चिठ्ठी फाडेल. तर पोरगा म्हणाला, "आजोबा, तरी किती माहिती आहे तुम्हाला!" आणि बायको म्हणाली, "ना! आणि ह्यांना लवकर उठायला नको, म्हणून राहिलं ते बाराटांग." गृहस्थांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की मी गुपचूप अननस घेतला. साडेसातशे रुपये. पोहण्याचे कपडे बदलून मिळत नाहीत. त्यांचं बनियन मात्र लगेच बदलून मिळालं, चहासकट.

सोमवारी तिने टूरवाल्यांना फोन केला. बाराटांग बसवायचं तर हॅवलॉकची एक रात्र जाणार, म्हणजे राधानगर किनाऱ्यावरची माझी दुपार जाणार. ह्याच किनाऱ्याला २००४ साली 'टाइम'ने आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं, आणि तिथे पाण्यात नुसतं बसून राहायचं एवढाच माझा ह्या सगळ्या सहलीतला बेत होता. जेलनंतर तेवढंच. मी जारवांचा मुद्दा पुन्हा मांडला. शांतपणे, आवाज न चढवता, न्यायालयाच्या सालासकट.

"मग डोळे मिटून बसा," ती म्हणाली. "नाहीतरी गाडीत घोरताच."

माणशी तीन हजार जास्त भरले. माझ्या कार्डावरून.