जूनमध्ये घरी बसवणारा धंदा

मी गोव्यातल्या पेडण्याची. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात अकरा वर्षं हाउसकीपिंग केलं. पाऊस लागला की ठरलेलं वाक्य: "ऑक्टोबरात फोन करतो." सिझनभर कंबर मोडेस्तोवर खोल्या आवरायच्या आणि चवथीच्या खर्चाला उसने पैसे शोधायचे. कोणत्या खोलीचं छप्पर गळतं हे आम्हाला माहीत, पण दुरुस्ती कधी करायची हे आम्हाला कुणी कधी विचारलं नाही.

आता आम्ही काहीजण मिळून एक जुनं घर भाड्यानं घेऊन गेस्ट हाउस चालवायचं म्हणतोय, सहकारी पद्धतीनं. "कामगारांना धंदा जमत नाही," हे घरचेच ऐकवतात. पण सरकारी कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा नोकरी गेलेल्या कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या साथीनं १९५७ पासून स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. तीच आजची इंडियन कॉफी हाउसं. टेबलावर कॉफी आणून ठेवणारा माणूस तिथला भागीदार असतो. केरळात मजुरांनी १९२५ मध्ये सुरू केलेली उरालुंगल ही सहकारी संस्था रस्ते-पूल बांधते आणि इरिंगलचं सर्गालय हस्तकला ग्रामही चालवते. पर्यटनाचाच धंदा झाला ना हा?

आणि आपल्याला तरी सामाईक मालकी कुठे नवी आहे? गावकरीत, म्हणजे गोव्याच्या जुन्या गावसंस्थेत, जमीन साऱ्या गावकारांची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची, सामाईक असायची. शेतं पावणीवर, म्हणजे लिलावानं, कसायला द्यायची, त्यातून बांध आणि देऊळ सांभाळायचं, उरलेलं गावकारांत वाटायचं. मला या गावकरीचा अभिमान आहे. पण तो वाटा पुरुषांचा. बाई गावकाराची लेक असली तरी तिला नाही, आणि शेतात राबणाऱ्या कुळालाही नाही. ही चूक आपण पुन्हा करायची नाही, एवढाच माझा हट्ट आहे.

भागभांडवल पगारातून हप्त्यानं. भाग कितीही असोत, मत एकच. सिझनच्या कमाईतला हिस्सा आधीच बाजूला काढायचा. पावसात त्यातूनच पगार, आणि त्याच दिवसांत रंगकाम, दुरुस्ती. यावर सगळे राजी आहेत.

अडलंय ते झारखंडच्या आमच्या स्वयंपाक्यापाशी. "पगार चांगला देऊ, पण भाग कशाला? तो गोंयकार नव्हे," असं दोघांचं म्हणणं. सात वर्षं तो इथं रांधतोय. जेवणावरच पाहुणे परत येतात, हे त्या दोघांनाही माहीत आहे. रविवारी पुन्हा बसणार आहोत, आणि या वेळी त्यालाही बोलावलंय.