ट्रॉलीला स्टेअरिंग नसतं

मंगळवारी रात्री साडेदहाला रहिमतपूरच्या मावशीचा फोन आला. एवढ्या उशिरा तिचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, अशीच धास्ती. तर म्हणाली, "आरं, समद्यांच्या दारात चारचाक्या आल्या म्हनं. आपुनच तेवढं मागं ऱ्हायलो का?" मग खरा प्रश्न आला, "बंड्यासाठी ठेव मोडू का?" बंड्या म्हणजे तिचा मुलगा.

ही ठेव म्हणजे काका गेल्यावर मिळालेले पैसे. म्हणून डोकं फिरलं. नुसता गंमत म्हणून फिरणारा मेसेज असता तर मी ‘हो हो’ म्हणून झोपलो असतो.

मेसेज तुमच्याकडंही आला असेल. वर ‘सातारा-सांगलीकरांनो, अभिमान बाळगा!’, खाली तिरंगा आणि जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: आरटीओच्या नोंदीप्रमाणे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आता घरटी एक चारचाकी झाली आणि आपण गोव्यालाही मागं टाकलं. दुचाकीचा जमाना संपला. जीएसटी कमी झाल्यामुळं गाडी आता कुणालाही परवडते. गाडी हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. सात वर्षांचा हप्ता पाडा आणि निवांत राहा. जुनी घेऊ नका, पंधरा वर्षांनी सरकार उचलून नेतं. एसटी रिकामी धावते, तिच्यावरचा खर्च बंद करा. आणि शेवटी, ज्याच्या दारात चारचाकी नाही त्या घरात मुलगी देऊ नका.

मी बारा वर्षं कराडात वाहनविम्याची आणि आरटीओच्या कागदांची कामं करतो. मावशीला फोनवर जे सांगितलं तेच नीट लिहून काढतोय. सगळ्या मुद्द्यांना सारखी जागा देणार नाही, तेवढी सगळ्यांची लायकी नाही.

आधी ते ‘घरटी एक’. हे गणित कसं जमवलंय ते मेसेजमध्येच दिसतं. जिल्ह्यात नोंदलेली एकूण वाहनं घेतली, त्यांना घरांच्या संख्येनं भागलं, आणि उत्तरापुढं ‘चारचाकी’ असा शब्द लिहून टाकला. एकूण वाहनांत मोटरसायकली येतात, स्कूटर येतात, रिक्षा, टेम्पो, ट्रक, बस, जेसीबी सगळं येतं. आणि आपल्याकडं येतो तो ट्रॅक्टर.

उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्याला उभे राहा. एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वर चाक दिसणार नाही इतका ऊस. तुम्हा-आम्हाला ते एक वाहन दिसतं, पाठीमागं अडकलेल्या एसटीच्या ड्रायव्हरलाही एकच दिसतं. कागदावर ती तीन वाहनं आहेत. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, आरसी वेगळी. (ज्यांनी नोंदणी केलीय त्यांचं बोलतोय. बाकीच्यांचा विषय आज नको.) म्हणजे मेसेजवाल्याच्या हिशेबात ज्या शेतकऱ्याच्या दारात एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि एक मोटरसायकल आहे, त्याच्या घरात चार गाड्या झाल्या. त्यानं शेजारच्या तीन घरांची ‘घरटी एक’ परस्पर भागवून टाकली. त्या ट्रॉलीत बसवून मेसेजवाल्यानं बायकोला माहेरी सोडून दाखवावं.

दुसरी गोष्ट, नोंद होते तशी ती आपोआप निघत नाही. गाडी भंगारात गेली तरी नोंदणी रद्द करून घ्यायला कार्यालयात जाणारा माणूस विरळा. मावशीच्याच गोठ्यात काकांची जुनी स्कूटर उभी आहे. सीट फाटलंय, आतल्या काथ्यावर कोंबडी अंडी घालते, पुढचं चाक बंड्यानं लहानपणी खेळायला काढून नेलं ते परत आलं नाही. तिची नोंद मात्र कुणी रद्द केलेली नाही. कोंबडीसकट ती या मेसेजच्या अभिमानात सामील आहे.

तिसरी गोष्ट नंबरप्लेटची. कुणी म्हणेल, आकडे राहू देत, डोळ्यांना दिसतंय ना, यात्रेला गावात गाड्या लावायला जागा नसते! खरंय. पण त्या प्लेटा एकदा वाचा. निम्म्या एमएच १२ आणि १४, म्हणजे पुणे-पिंपरीच्या. मग ०३, ४३ अशा मुंबई-नवी मुंबईच्या. पाटण, जावळी, माण, खटावची अर्धी घरं पोटापाण्याला मुंबईत. विटा-आटपाडीकडं तर दिवाळीत तमिळनाडू, केरळ, बंगालच्या पाट्या दिसतात, ते आपले गलाईवाले. सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेली माणसं सणाला घरी आली की गल्लीत मुंगी शिरत नाही. चार दिवसांनी जाऊन बघा. म्हातारा-म्हातारी, कुत्रं आणि एक मोटरसायकल. उलटंही होतं, इथं एमएच १० किंवा ५०, म्हणजे सांगली किंवा कराड पासिंग झालेली गाडी पोरगा पुण्यात फिरवतो. राज्यातल्या राज्यात जुनी गाडी विकली तरी नंबर तोच राहतो. त्यामुळं गाडी कुठं नोंदली यावरून ती कुणाच्या अंगणात आहे हे कळत नाही.

मग कळतं कशावरून? घरात जाऊन विचारल्यावर. ते काम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करतं. त्यात बाळंतपण, लसीकरण असं विचारतातच, शिवाय घरात पंखा आहे का, फ्रीज आहे का, सायकल, दुचाकी, कार आहे का, हेही विचारतात. पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळातली. देशात कार असलेली घरं शंभरात आठच्या आसपास निघाली. गोव्यात सुमारे ४५. बिहारमध्ये २. आणि आपल्या महाराष्ट्रात, मुंबई-पुण्यासकट, शंभरात ९ सुद्धा नाहीत. गोव्याला मागं टाकायचं तर आधी तिथवर पोचायला नको का?

इथं एक गोष्ट मान्य करतो, मनाविरुद्ध. ही पाहणी महाराष्ट्रात करोनाच्या आधी झाली. त्यानंतर गाड्या वाढल्यात हे मी रोज बघतो, माझं पोटच त्यावर आहे. २०११ च्या जनगणनेत देशात शंभरातल्या पाचांकडंही कार-जीप नव्हती, तिथून आपण वर आलोय. साताऱ्यात राजवाड्यापाशी संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधणारा माणूस मला वेड्यात काढेल. पण समजा, ९ चे दुप्पट झाले. दुप्पट म्हणजे अठरा. शंभरातली ब्याऐंशी घरं तरीही मावशीच्या बाजूला. तिला ‘आपुनच तेवढं’ वाटायचं काही कारण नाही.

दुचाकीचा जमाना संपला म्हणे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात दुचाक्या विकल्या गेल्या साधारण १ कोटी ९६ लाख, आणि कार-जीप मिळून ४३ लाख. एका कारमागं साडेचार दुचाक्या. पुढे चला.

पंधरा वर्षांनी गाडी उचलून नेतात, हे दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवरच्या बंदीच्या भानगडीवरून उचललंय. इथं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवता येते. फी २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली, वर पर्यावरण कर लागतो, ते खिशाला लागतं हे कबूल. पण कुणी क्रेन घेऊन दारात येत नाही.

जीएसटीचा मुद्दा अर्धा खरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेस होता तो १८ वर आला. छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली, आणि इंजिन पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० पर्यंत. पेट्रोल गाडीवर आधी सेससकट २९ लागायचा. म्हणजे शोरूमच्या किमतीत शंभरामागं साडेआठ रुपये वाचले. सात लाखांच्या गाडीवर साठ हजार. चांगली गोष्ट आहे, ज्याला घ्यायचीच होती त्याची चंगळ झाली. पण साठ हजार वाचवण्यासाठी सात लाख खर्च करा, हा सल्ला कुठल्या शाळेतला?

आता गुंतवणूक. इथं मला खरंच राग येतो, कारण हे वाचून माणसं सही करतात.

बंड्याचं कोटेशन मी फोनवर ऐकलं. रस्त्यावर येईपर्यंत नऊ लाख. मावशीची ठेव मोडून एक लाख आधी भरायचे, आठ लाख कर्ज, सात वर्षं. साडेनऊ टक्के धरले तर महिना तेरा हजारांवर हप्ता. ८४ हप्त्यांचे होतात जवळपास अकरा लाख. म्हणजे तीन लाख नुसतं व्याज. बंड्या साताऱ्याच्या एमआयडीसीत जातो, येऊन-जाऊन पंचावन्न किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस. मोटरसायकलला पेट्रोल लागतं तीन हजाराच्या आत-बाहेर. कारला आठ हजार. हप्ता आणि पेट्रोल मिळून एकवीस हजार झाले, अजून विमा, सर्व्हिसिंग, टायर धरलेच नाहीत. त्याचा पगार सांगत नाही, पण तुम्ही अंदाज केलाय तो बरोबर आहे.

आणि ही ‘गुंतवणूक’ वाढते किती? विम्याच्या पॉलिसीवर आयडीव्ही असा आकडा असतो, गाडी चोरीला गेली किंवा पार चेपली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो. त्याची घसारा लावायची ठरलेली पायरी आहे. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी ५०. पाच वर्षांत अर्धी किंमत गेली आणि हप्ते अजून दोन वर्षं बाकी. गिऱ्हाईक दरवर्षी नूतनीकरणाला येतं आणि माझ्याशी भांडतं, "आयडीव्ही एवढी कमी कशी?" दादा, ती गाडी आहे, ती सोनं नाही आणि रहिमतपूर रस्त्याकडेचा प्लॉटही नाही.

गाडी घेऊच नये असं मी म्हणत नाही. घरात डायलिसिसचं माणूस आहे, भाजीपाला रोज मार्केटला न्यायचाय, भाड्यानं चालवायचीय, तर घ्या, मी कागद करून देतो. पण ती गरज आहे किंवा धंदा आहे.

आणखी एक गोष्ट मेसेजवाल्यानं सोयीस्करपणे सोडली. मावशीला लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. त्या योजनेची अट आहे की कुटुंबातल्या कुणाच्या नावावर चारचाकी नको. ट्रॅक्टर चालतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. बंड्याचं लग्न व्हायचंय. लग्न जमावं म्हणून गाडी घेतली की आईचे वर्षाचे अठरा हजार धोक्यात. मी हे सांगितल्यावर मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आन् हे त्या मेसेजात का न्हाई?"

कारण मेसेज तिच्यासाठी लिहिलेलाच नाही. पण पोचला तिच्याकडंच, आणि पोचला तोही शेवटच्या ओळीमुळं. गेल्या मे महिन्यात एका स्थळाकडून निरोप आला होता, "मुलगा चांगलाय, पण दारात चारचाकी दिसली नाही." नोकरी आहे, दोन एकर पाणभरतं रान आहे, व्यसन नाही. तरी ‘दिसली नाही’. हा निरोप आधीच घरात सलत होता, त्यावर हा मेसेज आला की बाई ठेव मोडायला निघणारच. मुलीच्या बापांना एकच विचारतो. दारात गाडी बघितलीत, तिच्या आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव आहे का, एचपी म्हणजे कर्जापोटी तारण असल्याची नोंद आहे का, ते कधी बघता? मी बघतो. लग्नसराईच्या आधी घेतलेली आणि वर्षा-दोन वर्षांत हप्ते थकून ओढून नेलेली गाडी माझ्या टेबलावर ट्रान्सफरच्या कागदांच्या रूपानं येते. तिच्या मागच्या काचेवरचं ‘आईचा आशीर्वाद’ सुद्धा खरवडून काढलेलं नसतं.

राहिली एसटी. रिकामी धावते म्हणणाऱ्यानं सकाळी सातला कुठल्याही फाट्यावर उभं राहावं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याआधीच फुकट झालं होतं. तेव्हापासून गाडीत पाय ठेवायला जागा नाही, हीच तर तक्रार आहे. राज्यात रोज पन्नास लाखांच्या वर माणसं एसटीनं जातात. २०२५ च्या जानेवारीत भाडं जवळपास पंधरा टक्के वाढलं तरी जातात, कारण दुसरं काही नाही. फेरी रद्द झाली की पोरींची शाळा बुडते. त्यांचा पास फुकट आहे, पण गाडीच आली नाही तर तो पास दप्तरात ठेवून काय उपयोग? ‘घरटी चारचाकी आहे’ असं छातीठोक सांगत सुटलात तर उद्या गावाची मुक्कामी गाडी काढताना हेच वाक्य तोंडावर फेकतील. आमच्याकडं अजूनही ‘गाडी आली का?’ असं विचारलं की माणूस एसटीच समजतो.

मावशी रविवारी येतेय बंड्याला घेऊन, सव्वानऊच्या गाडीनं, अर्ध्या तिकिटात. ठेव अजून मोडलेली नाही. कोटेशन बरोबर आणायला सांगितलंय. बंड्या फोनवर फुरंगटलेला होता. चार-पाच वर्षं वापरलेली, एका हाताची गाडी दोन-अडीच लाखात बघू म्हटल्यावर जरा सैल झाला. मावशीचा फोन ठेवता ठेवता शेवटचा प्रश्न मात्र वेगळाच होता, "आरं, मग त्या गोठ्यातल्या स्कूटरचं नाव कुठं जाऊन कमी करायचं?"